सही त्यांची, शिक्का त्यांचा : संस्थांना मदत करणाऱ्या संस्थेत नव्याने रुजू होताना

घरी पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला, "तुमची संस्था करते तरी काय?" शाळा चालवणाऱ्याला किंवा गोशाळा चालवणाऱ्याला याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, आपल्याला येत नाही. आपण मुलं शिकवत नाही, बंधारे बांधत नाही, रुग्ण तपासत नाही. हे सगळं करणाऱ्यांची नियमावली, ठराव, हिशेब, प्रस्ताव, कर्मचाऱ्यांची कुरबूर आणि अडकलेली बँक खाती यांत आपला दिवस जातो. माझ्या आईने बारा वर्षांत स्वतःपुरतं उत्तर शोधलंय, "तो संस्थांची बाळंतपणं करतो." बाळंतपणं कमीच, जास्त वेळ आजारपणात जातो. पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

जिल्ह्याच्या गावी अशी सहाय्य संस्था म्हणजे चार-पाच माणसं, दोन खोल्या आणि हमखास अडणारा एक प्रिंटर. तिथे नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्यांना आणि आधी फील्डवर काम केलेल्यांना, दोघांनाही पहिलं वर्ष सारखंच गोंधळाचं जातं.

रुजू होण्याआधी विचारायचे प्रश्न

नियुक्तीपत्र मागा. आपल्या क्षेत्रात ते मागायला लोकांना संकोच वाटतो, जणू पत्र मागितलं की निष्ठा कमी ठरते. पत्रात पगार लिहिलाय की मानधन, हे बघा. ‘मानधन’ हा शब्द ऐकायला गोड असला तरी त्याच्या आडोशाला पुष्कळ काही लपतं. सकाळी दहा ते सहा हजेरीवर सही करणारा, रजेचा अर्ज देणारा माणूस कर्मचारी असतो, त्याच्या व्हाउचरवर काहीही लिहिलेलं असो. भविष्यनिर्वाह निधीचा नियम सर्वसाधारणपणे वीस कर्मचाऱ्यांपासून लागू होतो आणि ग्रॅच्युइटीचा दहापासून. लहान संस्थेत दोन्ही लागू नसतील, तर तसं स्पष्ट सांगितलं जावं, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

दुसरा प्रश्न : माझा पगार कुठल्या प्रकल्पातून निघणार आणि तो प्रकल्प कधी संपणार? उत्तर ‘पुढच्या मार्चमध्ये’ असलं तरी बिघडत नाही, पण ते रुजू होतानाच कळलेलं बरं. तिसरा प्रश्न प्रवासाचा. एस.टी.चं तिकीट, दुचाकीचा किलोमीटरचा दर, मुक्कामाचा भत्ता आणि टी.ए. बिल किती दिवसांत मिळतं, ते विचारून घ्या. महिन्याला आठ-दहा दौरे होतात. ते पैसे खिशातून घातले की परत यायला उन्हाळा उजाडतो.

मुलींनी आणखी एक विचारावं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कार्यालयातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. पुढे हीच माहिती तुम्हाला इतर संस्थांना द्यायची आहे, तेव्हा सुरुवात आपल्या दारापासून झालेली बरी.

पहिला आठवडा : फाइल वाचा

कार्यालयात आजवर मदत केलेल्या संस्थांच्या फाइली असतील. त्यातल्या दोन-तीन पहिल्या पानापासून वाचा. सर्वांत आधी नोंदणी क्रमांक बघा. महाराष्ट्रात बहुतेक स्वयंसेवी संस्थांना दोन नोंदण्या असतात. एक सोसायटी म्हणून, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली, जिला किमान सात सभासद लागतात. दुसरी न्यास म्हणून, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सोसायटीचा न्यासनोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. नुसत्या न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, सहसा ‘ई’ने. "तुमचा एफ नंबर काय?" हे विचारता आलं की समोरच्या सचिवाला वाटतं, पोरगं कामाचं दिसतंय. क्वचित कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनीही येते. तिचं सगळं वेगळं असतं, ती पहिल्या वर्षी वरिष्ठांकडे द्या.

मग घटना आणि नियमावली. संस्थेचे उद्देश, सभासदांचे प्रकार, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्तीला किमान किती जण हजर हवेत, कार्यकारिणीची मुदत किती वर्षांची. बहुतेक नियमावल्या एकमेकींच्या नकला असतात. एका वाचनालयाच्या नियमावलीत मी ‘जनावरांच्या चाऱ्याची सोय करणे’ हा उद्देश वाचला आहे, कारण टायपिंग करणाऱ्याकडे तोच नमुना होता. हसू नका. त्या संस्थेचा खर्च उद्देशात बसतो की नाही, हे ठरवताना हाच कागद काढला जातो.

तिसरा कागद परिशिष्ट १चा उतारा. धर्मादाय कार्यालयाच्या लेखी आज विश्वस्त कोण आहेत, ते यात दिसतं. प्रत्यक्ष कारभार बघणारे आणि या उताऱ्यावरचे लोक एकच आहेत का, हे ताडून बघा. पुष्कळदा नसतात.

पहिली भेट

त्यांना आपल्या कार्यालयात बोलावू नका, तुम्ही जा. गावातल्या महिला मंडळाची कपाटं, भिंतीवरच्या तसबिरी, खुर्च्यांवर रंगाने लिहिलेली देणगीदारांची नावं यांतून जे कळतं ते फोनवर कळत नाही.

बोलताना अध्यक्षांना लोक जे म्हणतात तेच म्हणा. गाव त्यांना अण्णा म्हणत असेल तर अण्णा, सर म्हणत असेल तर सर. मात्र निम्मं काम वेगळ्याच माणसाकडे असतं. कागद सांभाळणाऱ्या ताई कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या असतात आणि चहा त्याच आणतात. चहा झाल्यावर त्यांच्या शेजारी बसा. प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्तांची वही), सभासद रजिस्टर, कॅशबुक, खतावणी, पावतीपुस्तकं, डेडस्टॉक रजिस्टर (कपाटं-खुर्च्यांसारख्या सामानाची नोंद) यांपैकी काय आहे, कुठे आहे, शेवटची नोंद कधीची, एवढंच पहिल्या दिवशी बघा. चुका काढू नका. त्यांना स्वतःच्या चुका ठाऊक असतात आणि तुम्ही त्या काढणार याच धास्तीने त्यांनी रात्री बसून सहा महिन्यांची कॅशबुक लिहिलेली असते. एकाच पेनाच्या शाईवरून ते कळतं. कळू द्या आणि गप्प बसा.

उठताना एक प्रश्न मात्र न विसरता विचारा, "आयकर पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?" उत्तर ‘सीए साहेबांच्या’ असेल, ‘आधीच्या सचिवांच्या, पण त्यांचं आमचं आता बोलणं नाही’ असेल किंवा नुसती शांतता असेल. संस्था खरोखर कुणाच्या ताब्यात आहे, ते या उत्तरात असतं.

चेंज रिपोर्ट : तुमचं निम्मं वर्ष

विश्वस्त वारले, राजीनामा दिला, निवडणूक झाली, पत्ता बदलला, जमीन मिळाली. नोंदवहीतला असा कुठलाही बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत १९५०च्या त्याच कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. हाच चेंज रिपोर्ट. नव्वद टक्के संस्था इथे अडकतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही).

अडकतात कशा, ते बघा. संस्थापक अध्यक्ष वारतात. घरच्यासारखं वातावरण असतं, शोकसभा होते, मुलाला अध्यक्ष करायचं तोंडी ठरतं. कागद कुणी करत नाही. तीन वर्षांनी पुन्हा निवड होते, तीही कळवली जात नाही. मग एखाद्या दिवशी बँक सह्या बदलायला परिशिष्ट १चा उतारा मागते आणि त्यावर वारलेल्या अण्णांचं नाव असतं. आता एक बदल कळवून भागत नाही. आधीचा बदल मंजूर नसेल तर नंतरच्याचा पायाच डळमळतो, म्हणून मागच्या प्रत्येक बदलाचा रिपोर्ट ओळीने द्यावा लागतो आणि सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यात उशिराचं कारण खरं लिहा. ‘माहितीअभावी’ हा शब्द दर अर्जात वाचून कार्यालयही कंटाळलेलं असतं.

अर्जाला लागणाऱ्या कागदांचा जीव प्रोसिडिंग बुकात असतो. सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याची पोच, उपस्थितांच्या सह्या, सूचक-अनुमोदकासह ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. इथे तुमच्यापुढे मोह येईल. सचिव म्हणतील, "साहेब, मागच्या तारखेची सभा दाखवू की. सह्या मी घेतो." नाही म्हणा. आज नोटीस काढून, नियमावलीतली मुदत पाळून सभा घेतली आणि आजवर काय झालं ते ठरावात सरळ लिहिलं, तर उशीर माफ होऊ शकतो. बनावट इतिवृत्त मात्र विरोधी गटाच्या वकिलाच्या हाती पडलं की संस्था दहा वर्षं तारखांवर जाते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती त्यांच्या नियमावलीत आहे का, हे आधी बघा.

करून देऊ नका

सहा महिन्यांत तुम्हाला अर्ज भरता येऊ लागेल. इथे घसरायला होतं. अर्ज तुम्ही वीस मिनिटांत भरता, ताईंना शिकवत भरायला तीन तास लागतात. ताई म्हणतात, "तुम्हीच टाका की, तुमचा हात बसलाय." तुम्ही टाकता. पुढच्या वर्षी पुन्हा त्या तुमच्याकडे येतात, त्याच्या पुढच्या वर्षीही. चाळीस संस्थांची अशी कामं अंगावर घेतली की सहाय्य संस्थेचं झेरॉक्सचं दुकान होतं, फक्त दर लावलेले नसतात.

मी स्वतः हे केलंय. दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे सगळे कागद पाच वर्षं मी बघत होतो आणि पोर्टलवर नंबरही माझाच दिला होता. मी दोन महिने आजारी पडलो तेव्हा त्यांची नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत हुकली. नोटिशीचा मेसेज माझ्या बंद पडलेल्या मोबाईलवर आला होता. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. पहिल्या वेळी मी करतो, त्या शेजारी बसून वहीत टिपतात. दुसऱ्या वेळी माउस त्यांच्या हातात, मी शेजारी. तिसऱ्या वेळी मी त्याच खोलीत, पण दुसऱ्या टेबलावर. चौथ्या वेळी फोनवर. कुठल्याही पोर्टलवर स्वतःचा मोबाईल किंवा ईमेल देत नाही, निकडीचं असलं तरी. संस्थेच्या नावाचा ईमेल उघडायला आणि पदाधिकाऱ्याचा नंबर द्यायला पंधरा मिनिटं लागतात.

भिंतीवरचं वर्ष

आपल्या टेबलामागे एक मोठं कॅलेंडर टांगा, महालक्ष्मीचं असलं तरी चालेल. धर्मादाय कार्यालयाला द्यायचं अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर. ३१ मार्चला वही बंद. देणगीदारांचं विवरण, ज्याला सगळे ‘टेन बीडी’ म्हणतात, ते ३१ मेपर्यंत. ते गेलं नाही तर देणगीदाराला सवलतीचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि तो पुन्हा देणगी देत नाही. लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर, आयकर विवरणपत्र ऑक्टोबरअखेर, परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरण डिसेंबरअखेर. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून दर वेळी पोर्टलवर ताजा क्रमांक आणि ताजी तारीख पाहूनच लोकांना सांगा. तोंडी मात्र अजून पुष्कळ वर्षं सगळे संस्थेच्या करमाफीच्या नोंदणीला ‘ट्वेल्व्ह ए’ आणि देणगीदाराच्या करसवलतीला ‘ऐंशी जी’च म्हणणार आहेत.

ऐंशी जीबद्दल एक गोष्ट संस्थांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे गणेश मंडळांची मुलं येतील. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर १९५०च्या त्याच कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. ही मुलं पंधरा मिनिटांच्या कामाला येतात आणि दोन तास बसतात. बसू द्या. आमच्या भागातल्या दोन चांगल्या संस्था अशाच मंडळांतून उभ्या राहिल्या.

पैशाचं बोलणं

"आम्हाला फंड मिळवून द्या," ही मागणी पहिल्या भेटीत येतेच. पूर्वी आमच्यासारख्या संस्थांना तेही करता येत असे. परदेशी देणगी घ्यायची आणि लहान संस्थांना थोडी थोडी वाटायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी अंशदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. शिकवणं, सोबत करणं, अडचण सोडवणं या आमच्या कामात मुख्य खर्च माणसांच्या पगाराचा. तुमच्या कार्यालयात आता पाचच टेबलं का आहेत, याचं एक कारण हे आहे. जुनी माणसं ‘वीसच्या आधी’ असं म्हणतात तेव्हा ती करोनाबद्दल बोलतायत असं समजू नका.

आता लहान संस्थांची नजर कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या खर्चाकडे, आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक नफ्याच्या, उलाढालीच्या किंवा नक्त मूल्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. संस्थेला त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणून काल नोंदणी झालेल्या मंडळाला सीएसआरची स्वप्नं दाखवू नका. त्यांना आधी गावातून दहा हजार गोळा करून त्याचा चोख हिशेब फळ्यावर लावायला सांगा.

प्रस्ताव लिहिताना संस्था स्वतःचा खर्च लपवतात. भाडं, वीज, हिशेबनिसाचा पगार सगळं शून्य, कारण ‘कंपनीला आवडत नाही’. नियमांतली प्रशासकीय खर्चाची पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या गळ्यात ती बांधली जाते, तेव्हा तुम्ही नम्रपणे पण ठामपणे बोला. लहान संस्थेला ते बोलायचा धीर होत नाही, म्हणून तर तुम्ही त्या बैठकीत बसलेले असता.

अनुदान लांबलं की अध्यक्ष खिशातून पैसे घालतात आणि ताळेबंदात ‘हातउसने’ अशी नोंद दिसते. विश्वस्तांनी न्यासासाठी असं कर्ज घ्यायला १९५०च्या त्याच कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अध्यक्षांचा हेतू चांगलाच असतो, पण लेखापरीक्षक तेवढं बघून थांबत नाही. अध्यक्षांना ती रक्कम देणगी म्हणून देता येते का, ते आधी विचारा.

दोन गट असतील तेव्हा

असतातच. दोन्ही गट तुम्हाला जेवायला बोलावतील. जेवायला जा, पण एका गटाने दाखवलेला कागद दुसऱ्या गटापुढे उच्चारू नका. घरीही नको, कारण जिल्ह्याच्या गावात तुमच्या मावसबहिणीची नणंद त्यांच्या शाळेत शिक्षिका निघते. निवडणुकीच्या सभेला निरीक्षक म्हणून बोलावलं तर जाण्याआधी आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. कायद्याचा मुद्दा आला की वकिलाकडे पाठवा, हिशेबाचा आला की सीएकडे. आपण दोन्हींपैकी कुणी नाही, हे सांगायला लाजू नका.

धर्मादाय कार्यालयात आणि बँकेतही हेच. तिथल्या लिपिकांशी ओळख वाढेल, वाढू द्या, पण त्यांच्या टेबलापुढे बोलायचं संस्थेच्या माणसाने. तुम्ही मागच्या बाकावर.

सोडून जाताना

दोन-तीन वर्षांत बरेच जण जातात, कुणी सरकारी नोकरीत, कुणी मोठ्या फाउंडेशनमध्ये, कुणी लग्न होऊन दुसऱ्या गावी. त्यात वाईट काही नाही. शेवटचा महिना मात्र दौऱ्यांसाठी ठेवा. प्रत्येक संस्थेत जाऊन नव्या सहकाऱ्याची ओळख करून द्या. तुमच्याकडे राहिलेले मूळ कागद पोच घेऊन परत करा. मूळ नोंदणी प्रमाणपत्र कुणाच्या तरी लॅमिनेशनच्या पिशवीत, तुमच्याच कपाटात निघेल.

मग एका दुपारी ताईंना म्हणा, लॉगिन करा. संपर्काच्या पानावर जा. ओटीपी वाजेल तो त्यांच्या पर्समधल्या मोबाईलवर वाजला, की चहा घ्या आणि पाचची एस.टी. पकडा.